पाणी कुठं मुरतं

कुठंतरी पाणी मुरतंय, असं लोक म्हणतात
तेव्हा त्यांच्या मनात संशय असतो.
माझ्या धंद्यात तीच आनंदाची बातमी.
मी खड्डे खणते, त्यात पाणी ओतते
आणि घड्याळ हातात धरून
पालथ्या बादलीवर बसते.

लिट्रिमच्या उत्तरेला, मॅकगोवर्नांच्या शेतात
काल दुपारी ओतलेलं पाणी
आज सकाळी होतं तसंच.
वर एक मेलेली गोगलगाय तरंगत होती.
मोजपट्टी म्हणाली, बोटभरही नाही.

फिन्टन काठाकाठाने फेऱ्या घालत होता.
त्याला तीन खोल्यांचं घर हवंय, बापाच्या जमिनीवर.
मार्चमध्ये बाळ येणार,
आणि दोघं अजून कॅरव्हॅनमध्ये,
जिथं किटली ठेवली की खिडकी रडते.
"आणखी थोडं थांबू," तो म्हणाला,
जणू मातीला पाझर फुटायला
फक्त वेळच कमी पडतोय.

मी त्याला खड्ड्याची भिंत दाखवली.
वर वीतभर काळी, मुळांनी विणलेली.
खाली निळसर राखाडी, लोण्यासारखी कापली जाणारी,
आणि तिच्यात गंजाचे ठिपके.
ही पाण्याची हजेरी, मी सांगितलं.
हिवाळ्यात ते इथवर चढतं, बसतं,
उठायचं नाव काढत नाही.
तुझ्या टाकीचं पाणी यात सोडलं
तर ते खाली जाणारच नाही.
उताराने चालत ओढ्याला जाईल,
आणि ओढ्यावरून तुझ्या आत्याच्या विहिरीला.

आत्या म्हणजे ॲट्राक्टा, वय एक्याऐंशी,
फाटकावर कोपरं टेकून सगळं ऐकत होती.
"मला विचारलं असतंस तर खणायच्या यंत्राचं भाडं वाचलं असतं.
लव्हाळा उगवतो तिथं गाय बसत नाही.
गाय बसत नाही तिथं माणसानं पाळणा कशाला टांगायचा?"

तिच्या घरामागे बटाट्याचे उंच वरंबे होते.
बटाट्याचे पाय कोरडे ठेवावे लागतात,
म्हातारीच्या पायांसारखेच, ती म्हणाली.
पंचेचाळीस वर्षं राख, शेण, समुद्रावरून आणलेलं शेवाळ घालून
दोन खाटांएवढी माती तिनं मऊ केली होती.
"नवरा त्याआधीच मऊ झाला."

वाटेत जुनी शाळा लागते.
एका कोरड्या उन्हाळ्यात पायाखालची चिकणमाती आकसली
आणि रस्त्याकडची भिंत पुढे झुकली,
फळ्यावरचं नीट दिसत नसलेल्या पोरासारखी.
आता तिला लाकडी टेकू आहे.
फिन्टन तिथंच पहिलीत होता.
तो तिच्याकडे बघत नाही.

ॲट्राक्टानं आम्हाला टेकाडावर नेलं.
लव्हाळा संपला, नेचे सुरू झाले.
मी मूठभर माती घेतली, थुंकी लावून वळायला गेले,
वळलीच नाही. बोटांतून सांडली. वाळू, बारीक खडी.
फिन्टनचा श्वास मला ऐकू आला.
मग नेच्यांआड एक दार दिसलं,
दारासमोर उपसलेल्या मातीचा ढीग,
आणि उन्हात वाळत घातलेलं गवताचं अंथरूण.
बॅजर.
आजोबा-पणजोबांपासूनचे असतील. त्यांना हात लावायचा नाही,
कायदा त्यांच्या बाजूने आहे.

फिन्टन दगडावर बसला, आणि खूप वेळाने हसला.
"यांनी चाचणी कुणाकडून करून घेतली?"

मी टेप काढला.
त्यांच्या दारापासून पावलं मोजत टेकाडाच्या पार टोकाला गेले,
जिथं नेचे विरळ होतात आणि कुंपण पडलंय.
पाटाएवढी जागा. होईल की नाही, सांगता येत नव्हतं.
ॲट्राक्टानं तिच्या चहाच्या किटलीतलं उरलेलं पाणी
विचारल्याशिवाय तिथं ओतलं.
आम्ही तिघंही वाकलो.
मातीनं घोट घेतल्यासारखा आवाज झाला,
आणि घड्याळ माझ्या खिशातच होतं.